सरकवलेली गावे

मुंबईत देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना 1956) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा 1992-93 च्या पहिल्या फेरीपासून सांभाळत आली आहे. 2019-21 च्या पाचव्या फेरीत सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबांची पाहणी झाली. परंतु या सर्वेक्षणाचे खरे मोल अहवालातील टक्केवारीपेक्षा त्याच्या ‘एकक विदा’त, म्हणजे प्रत्येक व्यक्तीच्या उत्तरांच्या नाव वगळलेल्या स्वतंत्र नोंदीत आहे, आणि ही विदा संशोधकांना विनामूल्य मिळत आली आहे.

नाव वगळले म्हणजे ओळख पुसली, असे मात्र होत नाही. एका गावातून साधारण 22 कुटुंबे निवडली जातात, आणि ठरावीक वयाची, तीन मुली असलेली, शिवणकाम करणारी विधवा त्या गावात एखादीच असू शकते. नवऱ्याकडून झालेल्या मारहाणीविषयी तिने एकांतात दिलेले उत्तर गावाच्या नावासह बाहेर पडले, तर ती कोण हे शेजाऱ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. म्हणून नकाशावरील गावाचा बिंदूच मुद्दाम चुकवला जातो : शहरी बिंदू 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण 5 किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण बिंदूंपैकी शेकडा एखादा 10 किलोमीटरपर्यंत कोणत्याही दिशेला सरकवतात. रुग्णालयाचे अंतर मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाची यात अडचण होते, पण ती सोसण्याजोगी आहे.

2005-06 च्या तिसऱ्या फेरीत कसोटी अधिक कठीण होती. एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून त्यांची एचआयव्ही तपासणी झाली. नमुन्यांवर नावाऐवजी केवळ सांकेतिक पट्टी होती, त्यामुळे निकाल कोणाचा हे कोणालाच, अगदी रक्त देणाऱ्यालाही, कळणार नव्हते. ज्याचे रक्त घ्यायचे त्यालाच निकाल सांगायचा नाही, ही गोष्ट खटकणारी आहे, आणि मोफत तपासणी केंद्राची माहिती हातात दिल्याने ती पूर्णपणे मिटत नाही. तथापि याच तपासणीच्या आधारे देशातील बाधितांचा पन्नास लाखांहून अधिक धरलेला अंदाज 2007 मध्ये सुमारे 25 लाखांवर आला, हेही खरे.

विदा मागणाऱ्याला नाव नोंदवून अभ्यासाचा हेतू लिहून द्यावा लागतो, ती इतरांना न देण्याचे आणि कोणाची ओळख न शोधण्याचे बंधन स्वीकारावे लागते. ही देवघेव बरीचशी अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या ‘डीएचएस’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या व्यवस्थेतून होत असे. फेब्रुवारी 2025 मध्ये तो निधी थांबला आणि नव्या संशोधकांची नोंदणी अडली. भारतीय घरांतून गोळा झालेल्या विदेचे वितरण परक्या अनुदानावर विसंबून ठेवणे ही व्यवस्थेतील उणीव होती, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी आता भारत सरकारची आहे.