चढाईपुढे तुकडी टिकेल का? मनोधैर्याचा नियम आणि संभाव्यता

इ. स. पू. 401 मध्ये कुनाक्साच्या लढाईत ग्रीक भालाईत धावून आले, तेव्हा समोरची पर्शियन फळी बाणाच्या टप्प्यात येण्याआधीच पळाली, असे झेनोफोन सांगतो. म्हणून प्राचीन युद्धांच्या टेबलावरील खेळात मनोधैर्याची चाचणी सैन्ये भिडण्यापूर्वी घ्यावी.

समजा, दोन फाशांची बेरीज किमान 8 आली तर तुकडी टिकते. अनुकूल जोड्या 36 पैकी 15, म्हणजे 42 टक्के. पाठीशी राखीव तुकडी असल्यास बेरजेत 1 मिळवा. जोड्या 21 होतात, म्हणजे 58 टक्के. अनुभवी तुकडीला मात्र 4 पुरतात असे धरा. तिथे तोच 1 गुण 33 जोड्यांच्या फक्त 35 करतो.

लक्षात घ्या, गुण सारखाच असला तरी परिणाम सारखा नसतो. नियम बदलण्याआधी जोड्या मोजा.

स्वतः करून पाहा: घोडदळ चालून आल्यास बेरजेतून 2 वजा केले, तर दोन्ही तुकड्यांचे काय होईल?