‘नाही’ म्हणणाऱ्या नायिका

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात (१८९९) म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेलं शारदेचं लग्न मोडतं, कारण वधू-वर सगोत्र निघतात. शारदा सुटते, पण तिला सोडवतात ते कोदंड हा तरुण आणि धर्मशास्त्र. १९३७ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘कुंकू’ काढला. त्यातही म्हातारा वर आणि तरुण मुलगी आहे. मात्र इथे ऐनवेळी कोणी धावून येत नाही. मामाने फसवून नीरेचं लग्न लावून दिलेलं आहे, अक्षता पडल्या आहेत. नीरा एवढंच ठरवते, की या माणसाला आपण नवरा मानायचं नाही, आणि शेवटपर्यंत ती त्या शब्दाला जागते.

मराठी सिनेमातल्या खमक्या बायकांचा मागोवा घ्यायचा तर मी नीरेपासूनच सुरुवात करीन. पडद्यावरच्या राण्या, देवता, वीरांगना तिच्याआधीही होत्या. ‘कुंकू’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनीच ‘अमर ज्योती’मध्ये (१९३६) दुर्गा खोटे यांना समुद्री चाच्यांची म्होरकी केलं होतं. पण ती दूर कुठल्या तरी समुद्रावर होती. नीरा आपल्या वाड्यात होती, शेजारच्या खोलीत.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट आजही पाहताना थरारून जायला होतं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. ऐकू येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरचं घड्याळ नीरेच्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या, उतरत्या वयाची आठवण करून देत राहतं. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना राक्षस केलेलं नाही. त्यांना आपली चूक हळूहळू कळत जाते, आणि ती कळते नीरेच्या ठामपणामुळे. शांता आपटे यांनी तो ठामपणा उभा केला तो रडून नव्हे. त्यांची नीरा चिडते, गाते, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला चोपते, घरातल्या लहान मुलीशी खेळते. अन्याय झालेली बाई हसू शकते आणि तरीही तिचा राग खरा असू शकतो, हे आपल्या सिनेमाला तेव्हाच कळलं होतं.

पडद्याबाहेरही हे बळ दिसत होतं. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये करारावरून प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना सावध केलं. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका केलेल्या शकुंतला परांजपे प्रत्यक्षात र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम करत होत्या. त्या काळात या कामाला केवढी छी-थू सहन करावी लागत होती!

‘कुंकू’त मला खुपते ती एकच गोष्ट. नीरेला मोकळं करण्यासाठी काकासाहेबांना जीव द्यावा लागतो. बाईच्या नकाराला पुढची वाट दाखवायची तर पुरुषाला कथेतून बाजूला करणं भाग होतं. नवरा जिवंत असताना, तो वाईट नसताना, बाई बाहेर पडली तर काय, हा प्रश्न पुढे पंचेचाळीस वर्षं तसाच राहिला.

तो विचारला १९८२ च्या ‘उंबरठा’ने. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील. सुलभाच्या घरात तिला मारणारं, छळणारं कोणी नाही. सासूबाई स्वतः समाजकार्यात आहेत. गिरीश कर्नाडांनी केलेला वकील नवरा, सुभाष, सुसंस्कृत आहे. मूल सांभाळायला जाऊ तयार आहे. घर इतकं चांगलं असताना बाहेर कशाला जायचं, असं प्रत्येकजण समजुतीच्या सुरात विचारतो, आणि म्हणूनच तिचं जाणं अवघड होतं. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून ती दूरच्या गावी जाते. तिथे जे दिसतं ते भयंकर आहे. ती लढते, हरते, राजीनामा देऊन परत येते, तर घरात तिची जागा उरलेली नसते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली आहे आणि तो ते शांतपणे सांगतो.

याला उभारी देणारा चित्रपट का म्हणायचं? नोकरी गेली, नवरा गेला, मुलगी दुरावली. पण सुलभा पुन्हा निघते. शेवटी आगगाडीत बसलेली स्मिता पाटील आठवा. त्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही. किंमत लपवायची नाही आणि किंमत मोजल्याबद्दल बाईला शिक्षाही करायची नाही, हे या चित्रपटाने जसं साधलं तसं मराठीत फार थोड्यांना साधलं आहे. मला तर गोड शेवटाच्या कित्येक चित्रपटांपेक्षा तो अधिक धीर देतो. १९८६ मध्ये स्मिता पाटील गेल्या आणि अशा भूमिका लिहाव्यात असा चेहराच गेला.

मग ‘माहेरची साडी’ (१९९१) आला आणि सोशिक सुनेसाठी बायका थिएटरात हुंदके देऊन रडल्या. त्या रडण्याला मी नावं ठेवणार नाही. घरात रडता न येणाऱ्यांना तिथे अंधारात रडायला मिळालं. पण सोसणं हाच गुण ठरवणाऱ्या कथांनी आपली बरीच वर्षं खाल्ली, हे म्हणायलाच हवं.

त्याच काळात पुण्यात सुमित्रा भावे वेगळ्याच वाटेने सिनेमाकडे येत होत्या. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. वस्तीतल्या बायकांबरोबर काम करताना कागदावरचा अहवाल त्या बायकांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना जाणवलं. त्यातून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट झाला. सुनील सुकथनकरांबरोबरच्या ‘दोघी’त (१९९५) लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो, गौरी पांढऱ्या पायाची ठरते आणि मुंबईत देहविक्रयाला लावली जाते. तिच्या पैशावर घर चालतं, पण त्याच घराला ती नकोशी होते. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी केलेल्या या बहिणींमध्ये मला मराठी सिनेमातली एक मोठी गोष्ट घडताना दिसते. नीरा आणि सुलभा अखेर एकट्या होत्या. गौरीच्या बाजूने उभी राहणारी धाकटी बहीण आहे.

चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘बिनधास्त’मध्ये (१९९९) पडद्यावर फक्त बायकाच आहेत. दोन मैत्रिणींची ती रहस्यकथा, चटपटीत आणि गर्दी खेचणारी. पुढे प्रियदर्शनने ती तमिळमध्ये केली. पुण्याच्या गौरी शिंदे यांनी ‘इंग्लिश विंग्लिश’मधून (२०१२) लाडू करणारी शशी गोडबोले हिंदीत नेली. श्रीदेवीच्या शशीला घर सोडायचं नाही, घरात मान हवा आहे. सुलभापेक्षा ही मागणी लहान वाटेल, पण आईच्या इंग्रजीवर हसणारं लेकरू ज्या घरात आहे तिथे ती लहान नाही.

‘झिम्मा’ (२०२१) आणि ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) या दोन चित्रपटांनी बायकांची एकमेकींना असलेली सोबत मध्यभागी आणली. एकात सात बायका इंग्लंडच्या सहलीला जातात, दुसऱ्यात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. वैशाली नाईक यांनी लिहिलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बाईपण’ला बायका साड्या नेसून, भिशीचे गट, महिला मंडळं घेऊन गेल्या. गुडघेदुखी, रजोनिवृत्ती, बहिणी-बहिणींतला अबोला या गोष्टींवर भरलेलं थिएटर मोकळेपणाने हसलं. पन्नाशीपुढच्या बाईला नायिका करून चित्रपट चालतो, हे निर्मात्यांना पटवायला किती वर्षं गेली!

तरी माझी एक तक्रार आहे. या नव्या चित्रपटांत बायकांना एकमेकी मिळाल्या, पण समोरचा वाद निसटला. काकासाहेब आणि सुभाष महाजन ही खरी माणसं होती. त्यांच्याशी भांडावं लागत होतं. इथे अडचणी मनातल्या असतात, आणि मन मोकळं केलं की त्या सुटतात. सहलीहून परतल्यावर स्वयंपाक कोण करणार, आजारी सासऱ्यांची रात्र कोण जागणार, घर कोणाच्या नावावर, हे कोणी विचारत नाही. मला पुढचा चित्रपट तिथून सुरू झालेला पाहायचा आहे. त्यात सुलभाचा हट्ट असावा आणि त्या सहा बहिणीही असाव्यात. तो एखाद्या बाईने लिहावा, दिग्दर्शितही करावा, आणि त्यालाही महिला मंडळांनी अख्खा शो बुक करावा.