गाडीचा भाव ठरवा, हप्त्याचा नव्हे

वांगणी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील आपला व्यापारी आणि कारागीर घासाघीस करण्यात कोणाला हार जात नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात तो प्लायच्या एकेका शीटमागे पाच-दहा रुपये कमी करून घेतो. कापडाला हात लावला की भाव सांगतो. परंतु हाच माणूस गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला की सारे कसब विसरतो. कारण तेथे भावाची गोष्टच निघत नाही. ‘शेठ, महिन्याला किती हप्ता जमेल?’ एवढेच विचारले जाते. आपण ‘आठ-नऊ हजार’ असे सांगून मोकळे होतो आणि सौदा तेथेच हरतो.

गाडी ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. वांगणीहून माणूस लोकलने कल्याण गाठतो, पण दरवाजे, कपाटे, तयार कपड्यांचे गठ्ठे लोकलने जात नाहीत. दर खेपेला टेम्पोचे भाडे भरावे लागते. म्हणून पहिला हिशोब घरीच करावा. मागील सहा महिन्यांत भाड्यापोटी किती गेले ते वहीतून काढावे. दुसऱ्या बाजूला हप्ता, इंधन, विमा, दुरुस्ती आणि ड्रायव्हरचा पगार मांडावा. भाडे कमी पडत असेल तर गाडी घेण्याची घाई करू नये.

हप्ता लहान, बोजा मोठा

समजा, ४ लाख रुपयांचे कर्ज घटत्या शिलकीवर १० टक्के दराने घेतले. तीन वर्षांची मुदत ठेवली तर हप्ता सुमारे १२,९०० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे ६४,६०० रुपये होते. पाच वर्षांसाठी हप्ता ८,५०० पर्यंत उतरतो, पण व्याज १ लाख १० हजारांच्या घरात जाते. सात वर्षे घेतली तर हप्ता अवघा ६,६४० रुपये, व्याज मात्र १ लाख ५७ हजारांच्या वर. हप्ता निम्म्यावर आला आणि व्याज जवळजवळ अडीच पट झाले. सेल्समन मुदत वाढवून ‘हप्ता कमी करून दिला’ म्हणतो, तेव्हा त्याने आपल्याला काहीही सूट दिलेली नसते.

दुसरी खोच ‘फ्लॅट’ दराची आहे. ‘आमच्याकडे फक्त ८ टक्के’ असे ऐकले की विचारावे, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट दरात मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लागते, मधल्या काळात फेडलेले मुद्दल धरले जात नाही. ४ लाखांवर ८ टक्के फ्लॅटने पाच वर्षांत १ लाख ६० हजार रुपये व्याज होते. घटत्या शिलकीच्या हिशोबाने हा दर १४ टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे ८ चा आकडा १० पेक्षा महाग पडला.

या बाबतीत एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्ज देणाऱ्याने मुख्य माहितीचे एक पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व खर्च धरून कर्जाचा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी हे पत्रक मागून घ्यावे. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवली की कोण स्वस्त ते कळते. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास आकार किती, हेही त्याच वेळी विचारावे.

दोन सौदे वेगळे ठेवा

गाडीचा भाव हा एक सौदा आणि कर्ज हा दुसरा. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असेल तर तो तिसरा. हे तिन्ही एकत्र झाले की एकात सोडलेले पैसे दुसऱ्यात वसूल होतात. म्हणून आधी आपल्या बँकेत जाऊन किती कर्ज आणि कोणत्या दराने मिळेल ते पक्के करावे, मग शोरूमची पायरी चढावी. कल्याणपासून बदलापूरपर्यंत निदान तीन विक्रेत्यांकडून एकाच मॉडेलचा, रस्त्यावर येईपर्यंतचा पूर्ण भाव लेखी घ्यावा. त्यात मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा आणि इतर खर्च वेगवेगळे लिहिलेले असावेत.

‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची रक्कम दिसल्यास ती कशाची, असे सरळ विचारावे. नोंदणीच्या सरकारी शुल्कात असे काही नसते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशीही सक्ती नाही. बाहेरचा भाव काढून तो दाखवावा. महिनाअखेर, मार्चअखेर आणि डिसेंबर या काळात विक्रेत्याला विक्रीचा आकडा गाठायचा असतो, तेव्हा सूट सुटते. मात्र डिसेंबरची गाडी महिन्याभरात ‘गेल्या सालची’ होते, हे ध्यानात ठेवून तेवढी किंमत कमी करून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी, तीनचाकी आणि मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. लेखी भावात हाच दर धरला आहे ना, ते पाहावे.

माल वाहण्यासाठी गाडी घेत असाल तर तिची नोंदणी मालवाहू म्हणूनच करावी. खाजगी नोंदणीच्या मोटारीतून धंद्याचा माल वाहताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते.

कर्ज कोठे मिळेल

धंद्याच्या टेम्पो-रिक्षासाठी २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून बँका विनातारण कर्ज देतात. ‘किशोर’ गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत, ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत मर्यादा आहे. २००० साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी.

आपल्या कारागिरांची अडचण अशी की कमाई असते, पण कागद नसतो. यासाठी रोजची विक्री बँकेच्या खात्यातून फिरवावी, उद्यम नोंदणी करावी, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे. ज्याच्याकडे कागद आहे त्याला बँकेचा दर मिळतो; ज्याच्याकडे नाही त्याला खाजगी फायनान्सवाला सांगेल तो दर मान्य करावा लागतो.

ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे त्यांच्यासाठी मुराबहाची पद्धत आहे. यात संस्था गाडी स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा जोडून आपल्याला हप्त्याने विकते. उदाहरणार्थ, ४ लाखांची गाडी ४ लाख ८० हजारांना, दरमहा १० हजारांप्रमाणे ४८ हप्त्यांत. ठरलेली किंमत नंतर वाढत नाही. आपल्याकडे हे काम काही बिनव्याजी सहकारी पतसंस्था करतात. तेथेही संस्थेची नोंदणी व ताळेबंद पाहावा आणि एकूण किंमत बँकेच्या आकड्याशी ताडून घ्यावी. २०१९ साली बेंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी बुडाली, तेव्हा ‘हलाल’ या शब्दावर विसंबलेल्या हजारो लोकांची पुंजी अडकली. धंद्यातील भिशीचे पैसे बयाण्याला वापरले तर कर्जच कमी घ्यावे लागते, हा जुना मार्गही वाईट नाही.

जुनी गाडी घेताना

२६ जुलै २००५ च्या पुरात या भागातील कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. म्हणून या पट्ट्यात जुनी गाडी घेताना सीटखालचा गालिचा उचलून पाहावा. गाळ, कुबट वास, सीटच्या बोल्टवर गंज, दिव्यांच्या काचेत ओल दिसल्यास गाडी पुरातली समजावी. आपला मेकॅनिक सोबत न्यावा. त्याची मजुरी वाया जात नाही.

कागदांत परिवहन खात्याच्या एम-परिवहन अ‍ॅपवर मालकाचे नाव, कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेली चलने पाहावीत. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विकणाऱ्यानेही कल्याण आरटीओत नाव बदलल्याची खात्री करावी. नोंदवहीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे.

हप्ता थकला तर

पावसाळ्यात धंदा मंदावतो. म्हणून तीन हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्यावी. तरीही अडचण आलीच तर तोंड लपवू नये. बँकेत स्वतः जाऊन लेखी मुदत मागावी. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याचा अधिकार बँकेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सुनावले आहे.

शोरूममध्ये जाताना खिशात एक कागद असू द्यावा. त्यावर गाडीची जास्तीत जास्त किंमत, कर्जाची मुदत आणि एकूण किती रुपये फेडणार, हे तीन आकडे लिहिलेले असावेत. समोरचा त्याच्या वर गेला तर सलाम करून उठावे. गाड्या उद्याही मिळतील. दुकानातील भांडवल एकदा हप्त्यांत गेले की ते पुन्हा उभे करायला वर्षे लागतात.