दुनळी श्वासनियामक : रचना आणि निगा

पाण्याखाली श्वास घेण्याच्या साधनांपैकी दुनळी श्वासनियामक आता मुख्यतः संग्राहकांच्या कपाटांत आणि काही हौशी पाणबुड्यांच्या पाठीवर आढळतो. हवेच्या टाकीच्या तोंडाशी बसविलेली धातूची गोल डबी आणि तिच्यापासून दोन्ही खांद्यांवरून तोंडाकडे येणाऱ्या दोन पन्हळी रबरी नळ्या, असे त्याचे बाह्यरूप आहे. उजवी नळी श्वासाची व डावी उच्छ्वासाची, हे सहज ध्यानात येते. परंतु सोडलेला श्वास तोंडाशीच पाण्यात न सोडता पुन्हा पाठीकडे का न्यावयाचा? या यंत्राच्या रचनेचेच नव्हे, तर निगेचेही मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मागणीप्रमाणे हवा पुरविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील होय. रूकेरॉल हा खाण-अभियंता व दनेरूझ हा नौदल अधिकारी या दोघा फ्रेंचांनी 1860 नंतरच्या दशकात तिला यंत्ररूप दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा एअर लिकीद या कंपनीतील अभियंता एमील गान्यां याने मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एक नियामक झडप सिद्ध केली होती. नौदलातील अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो याच्या सहकार्याने तिचेच रूपांतर पाणबुड्याच्या उपकरणात झाले.

या उपकरणाचे कार्य असे. टाकीतील दाब 150 वातावरणांच्या आसपास असतो. दोन टप्प्यांच्या नियामकात पहिला टप्पा तो दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे 7 ते 9 वातावरणे अधिक, इतका खाली आणतो. दुसऱ्या टप्प्यात रबराचा एक मोठा वाटोळा पडदा असतो. त्याच्या एका अंगास पाणी व दुसऱ्या अंगास श्वासाची हवा असते. पाणबुड्याने श्वास ओढला की आतील दाब किंचित उतरतो, पाणी पडद्याला आत ढकलते, पडदा तरफा दाबतो आणि झडप उघडते. अशा रीतीने समुद्रात 10 मीटर खोलीवर, जेथे एकूण दाब दोन वातावरणे असतो, तेथे हवाही त्याच दाबाने मिळते. फ्रेंचांनी या यंत्राला ‘देतांदर’, म्हणजे ताण उतरविणारा, असे म्हटले. इंग्रजीत ‘रेग्युलेटर’ रूढ झाले. दोन्ही नावे दाब आवरण्याचेच काम सांगतात. श्वासाची मागणी ओळखणारा पडदा त्यांत येत नाही. ‘डिमांड व्हॉल्व्ह’ हे ब्रिटिशांचे नाव त्या मानाने नेमके म्हटले पाहिजे.

1943 साली पॅरिसजवळील मार्न नदीत आरंभीची चाचणी झाली, तेव्हा एक दोष उघड झाला. कुस्तो उभा राहिला की हवा आपोआप उसळून वाया जाई, आणि डोके खाली केले की श्वास मिळणे कठीण होई. उच्छ्वासाची वाट पडद्यापासून सुमारे 15 सेंटीमीटर दूर होती. एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब वातावरणाच्या दीड टक्काच भरतो; पण छातीला तो स्पष्ट जाणवतो. वाट पडद्याच्या वर असली तर तेथे पाण्याचा दाब कमी, म्हणून हवा तिकडे धावते. दोघांनी उपाय साधाच केला : उच्छ्वासाची झडप पडद्याशेजारी, त्याच पातळीवर आणली. त्या वर्षी जूनमध्ये बांदोल येथे समुद्रात हे यंत्र समाधानकारक ठरले.

दुसरी नळी ही अशी पडदा पाठीवर ठेवण्याची किंमत होय. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1952 मध्ये ‘पॉर्पस’ हा एकनळी नियामक विक्रीस आणला, तेव्हा त्याने हा नियम मोडला नाही. पडदा व झडप दोन्ही तोंडाशी नेली, इतकेच. दुनळीत मात्र पडदा आणि फुप्फुसे यांच्या पातळीतील अंतर उरतेच. पालथे पोहताना पडदा छातीच्या वर येतो आणि श्वास जड होतो. उताणे होताच तो हलका होतो.

निगेचा विचार येथूनच सुरू होतो. उच्छ्वासाची झडप बदकाच्या चोचीसारखी, मऊ रबराची, आणि डबीच्या आत असते. म्हणजे सर्वांत नाजूक भाग सर्वांत कमी दिसतो. जुने रबर चिकटते, चिरते, पावडरीसारखे भुरभुरते. चोच फाटली की पाणी डाव्या नळीत शिरते, आणि मुखनळीत परतरोधक झडपा नसलेल्या जुन्या नमुन्यांत ते थेट तोंडापर्यंत येते. अशा वेळी डाव्या कुशीवर वळून ते उच्छ्वासाच्या नळीत उतरवावे व फुंकून बाहेर घालवावे, ही युक्ती जुने पाणबुडे शिकत. पडदा उजेडासमोर धरून ताणला असता सुईच्या अग्राएवढी भोकेही दिसतात. पेट्रोलियम-तेलाने नैसर्गिक रबर फुगते, म्हणून ते वर्ज्य. टाकीकडील जाळीदार गाळणी हिरवी दिसली, तर खारे पाणी आत गेले असे समजावे व केवळ बाहेरून घासून थांबू नये. प्रत्येक बुडीनंतर तोंडावर टोपण घट्ट बसवून गोड्या पाण्याने धुवावे आणि नळ्या सावलीत टांगाव्यात.

मूळचेच रबर राखावे, असा काही संग्राहकांचा आग्रह असतो. प्रदर्शनाच्या वस्तूस तो शोभेल. पाण्यात न्यावयाच्या यंत्रास नाही. आज सिलिकोनचे पडदे व चोची मिळतात. ते बसविल्याने रचनेत काही बदलत नाही, कारण पातळीचा संबंध तोच राहतो. तरफेची उंची मात्र पुन्हा जुळवावी लागते : फार कमी असल्यास श्वास जड होतो, फार अधिक असल्यास हवा सुटत राहते. जुळवणी झाल्यावर टोपण लावून मुखनळीतून हवा ओढून पाहावी. काहीच येऊ नये. आल्यास पडदा, चोच किंवा नळी यांपैकी काहीतरी गळते आहे. त्यानंतर पहिली बुडी उथळ पाण्यात, प्रथम पालथे व मग उताणे होऊन घ्यावी.