फुफी की खाला? नातेसंबंधाचे प्रश्न तोंडी सोडवू नका

पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि वेळ ९० मिनिटे. एका प्रश्नाला पूर्ण मिनिटसुद्धा मिळत नाही. त्यात बुद्धिमत्ता चाचणीचे जे प्रश्न असतात, त्यातले नातेसंबंधाचे प्रश्न आपली बरीच मुलं "हे तर घरचंच आहे" म्हणून तोंडी सोडवतात आणि नेमके तिथेच गुण जातात. एका गुणाने ज्यांचा मुलगा किंवा मुलगी यादीबाहेर राहिली, त्यांना या गुणाची किंमत सांगायला नको.

एक नेहमीचा प्रश्न बघू. एका तरुणाकडे बोट दाखवून सलमा म्हणते, "याच्या आईचा एकुलता एक भाऊ म्हणजे माझे अब्बा." तर तो तरुण सलमाचा कोण? पर्याय : मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ. "आईचा भाऊ" वाचलं की मामू आठवतो आणि पोरं मामेभाऊवर खूण करतात. पण मामू त्या तरुणाचा आहे, सलमाचा नाही. सलमाच्या बाजूने बघा : अब्बांची बहीण म्हणजे फुफी, तिचा मुलगा. उत्तर आतेभाऊ.

म्हणून कागदावर काढायची सवय लावा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोमध्ये दोन रेघा, भावंडांमध्ये एक आडवी रेघ, मुलांसाठी खाली उभी रेघ. शेवटी प्रश्न कोणाच्या बाजूने विचारलाय, त्या माणसावर बोट ठेवूनच उत्तर वाचायचं.

घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या मुलांना शब्दांचाही घोळ होतो. आत्या म्हणजे फुफी, मावशी म्हणजे खाला, मामी म्हणजे मुमानी, हे जमतं. गडबड होते ती भाच्यापाशी. बाईच्या भावाचा मुलगा आपल्याकडे भतीजा, मराठीत मात्र तो तिचा भाचा. पुरुषाच्या भावाचा मुलगा तेवढा पुतण्या. हे पाठच करा.

शिवाय आपल्याकडे शेजारचे काकाही चाचा, आणि कधी फुफीच सासू होते. पेपरात असलं काही धरायचं नाही. लिहिलंय तेवढंच खरं. नावावरूनही अंदाज नको. शमीम मुलगा असतो, मुलगीही असते. "क हा शमीमचा भाऊ" एवढ्यावरून शमीम कोण ते कळत नाही.

चिन्हांचे प्रश्नही याच रीतीने सुटतात. समजा "+" म्हणजे वडील, "×" म्हणजे आई, "−" म्हणजे बहीण. मग "क − ख + ग" म्हणजे क ही ख ची बहीण आणि ख हे ग चे वडील. क ही ग ची फुफी. "+" च्या जागी "×" टाका, की तीच क खाला होते.

आता एक घरी सोडवा. क हा ख चा भाऊ. ख ही ग ची मुलगी. घ ही ग ची बहीण. तर घ ही क ची कोण? इंग्रजी पेपरात "आंट" लिहिलं की गुण मिळतो. मराठी पेपरात आत्या, मावशी आणि "निश्चित सांगता येत नाही" असे पर्याय असतील तर शेवटचाच बरोबर, कारण ग बाप आहे की आई, हे प्रश्नात कुठेच दिलेलं नाही.