ताम्रपटांतील अट

निवृत्त झाल्यापासून माझा एक नेम आहे. प्रातःकाळीं स्नानसंध्या आटोपली कीं देवघरासमोर थोडा वेळ मुकाट्यानें बसावें आणि मनांत येईल त्याचें चिंतन करावें. पूजेच्या संकल्पांत आपण देशकालाचा उच्चार करतों. आपण कोणत्या भूमीवर बसलों आहों, हें देवाला सांगून मगच कर्मास लागतों. परवां येथें अकोल्यास संकल्प सोडतांना सहज वाटलें, जिचें नांव मीं पन्नासांहून अधिक वर्षें घेतलें, त्या वऱ्हाडभूमीनें मला काय शिकविलें?

आम्ही मूळचे अमरावतीचे. लहानपणीं आजोबांचें बोट धरून मी अंबादेवीच्या दर्शनास जात असें. श्रीकृष्णानें रुक्मिणीचें हरण येथूनच केलें, ही कथा ते प्रत्येक खेपेस सांगत. वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर हें तिचें माहेर. बहिणीस परत आणल्यावांचून नगरांत पाऊल ठेवणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करून गेलेला रुक्मी पराभूत झाला. त्यानें वसविलेलें भोजकट म्हणजे अमरावतीजवळचें भातकुली, असें मानितात.

हें भोजकट नांव इतिहासांतही येतें. अचलपूरजवळ चम्मक येथें वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पांचव्या शतकांतील ताम्रपट सांपडला. हा प्रवरसेन म्हणजे गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त याचा दौहित्र. भोजकट राज्यांतील, मधुनदीच्या कांठचें, ८००० भूमि मापाचें चर्मांक गांव त्यानें आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षीं १००० ब्राह्मणांस दान दिलें. तें चर्मांकच आजचें चम्मक. आजोबा अभिमानानें म्हणत, "बाळ, या मातींत आपला मान दीड हजार वर्षांचा आहे."

१९२७ सालीं अंबादेवीचें दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावें, म्हणून अमरावतीस चळवळ झाली. पंजाबराव देशमुख तींत पुढें होते, नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकर तेथील परिषदेच्या अध्यक्षपदीं आले. आजोबा तेव्हां ऐन पंचविशींत होते. शेवटच्या दुखण्यांत ते मला म्हणाले, "मीं कोणास अडविलें नाहीं रे, पण अडविणाऱ्यांपुढें मान डोलावली." इतकें बोलून ते भिंतीकडे वळले. मला उत्तर सुचलें नाहीं.

पुढें शिक्षक झाल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखांच्या संग्रहांत त्या ताम्रपटाचा मूळ संस्कृत पाठ वाचावयास मिळाला, आणि मी थबकलों. दानाला अट होती! ब्राह्मणांनीं राज्याचा द्रोह करूं नये. चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करूं नये. युद्ध करूं नये. इतर गांवांस उपद्रव देऊं नये. असें वागतील तोंवरच दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावयाचें. नाहीं तर भूमि काढून घेणाऱ्या राजास चोरीचा दोष नाहीं. यापुढें एक बारीक शब्द आहे. दोष केवळ करणाऱ्यास नव्हे, अनुमोदन देणाऱ्यासही!

पाठ मिटून मी कितीतरी वेळ बसून राहिलों. देवळाच्या दाराविषयीं त्या लेखांत एक अक्षर नाहीं, हें मी जाणतों. परंतु मान डोलावण्याचाही हिशेब असतो, हें दीड हजार वर्षांपूर्वीं आपल्याच भूमींत तांब्यावर कोरलेलें होतें. आजोबा उत्तम संस्कृत जाणत. त्यांनीं तो लेख शेवटपर्यंत वाचला होता कीं नाहीं, हें विचारावयाचें राहून गेलें. कदाचित् वाचला असेल, म्हणूनच भिंतीकडे वळले असतील.

आतां सुटींत नातवाला घेऊन अंबादेवीस जातों. रुक्मिणीची कथा सांगतों, चम्मकचें दान सांगतों. आणि अट गाळीत नाहीं. त्याच्या खापरपणजोबांची गोष्टही सांगतों. पूर्वजांची निंदा व्हावी हा हेतु नाहीं. अंतकाळीं खरें बोलण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, तेंही त्यांत येतेंच. वाचकांस एवढीच विनंति, कीं मुलांना घराण्याचा मान सांगतांना त्या मानाची अटही सांगावी. अर्धा वाचलेला ताम्रपट म्हणजे नुसता तांब्याचा पत्रा होय.