ट्विटरवरील लघुसंदेश व ग्रंथालयांचें दप्तर

ट्विटर या नांवानें २००६ सालीं सुरू झालेल्या व २०२३ पासून 'एक्स' म्हणविल्या जाणाऱ्या संदेशमाध्यमाशीं ग्रंथालयांचा संबंध दुहेरी आहे. ग्रंथपाल त्यावर स्वतः लिहितात : नवे आलेले ग्रंथ, वाचनालयाच्या वेळा, एखाद्या पोथीच्या पानाची प्रतिमा. शिवाय असे लघुसंदेश पुढील पिढ्यांसाठीं जपण्याचें कामहि ग्रंथालयांकडेच येतें. या दुसऱ्या कामाचा एक मोठा प्रयोग वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें केला. हस्तलिखितांच्या संग्राहकांस तो बोधप्रद असल्यानें त्याचा संक्षिप्त वृत्तांत देत आहें.

दि. १४ एप्रिल २०१० रोजीं या ग्रंथालयानें जाहीर केलें कीं, मार्च २००६ पासूनचे सर्व सार्वजनिक लघुसंदेश कंपनीकडून त्यास देणगीदाखल मिळत आहेत. ही वार्ताहि प्रथम ट्विटरवरच प्रसिद्ध झाली. जानेवारी २०१३ च्या निवेदनाप्रमाणें संदेशांची संख्या सुमारें १७,००० कोटी झाली होती व दोन प्रतींस मिळून १३३.२ टेराबाइट जागा लागत होती. सुमारें ४०० अभ्यासकांनीं तोंवर मागणी नोंदविली होती. परंतु २००६ ते २०१० एवढ्याच भागांत एक शोध घेण्यास २४ तास लागूं शकत. अखेर डिसेंबर २०१७ मध्यें ग्रंथालयानें जाहीर केलें कीं, १ जानेवारी २०१८ पासून निवडक संदेशच घेतले जातील, व वाचकांस प्रवेश देण्याचा प्रश्न सुटेपर्यंत पूर्वीचा संग्रह बंद राहील.

संख्येची वाढ हें याचें एक कारण होतें. दुसरें अधिक महत्त्वाचें आहे. ग्रंथालयास केवळ शब्द मिळत; सोबतचीं चित्रें मिळत नसत. 'तपशील पुरवणीवरून कळेल' असें लिहिलेलें जुनें पत्र सांपडावें आणि पुरवणी गहाळ असावी, तशी त्या संदेशांची स्थिति झाली.

यावरून साठा म्हणजे संग्रह नव्हे, हें स्पष्ट होतें. ज्या रुमालाची यादी नाहीं, तो असून नसल्यासारखाच. तथापि निवडींतहि धोका आहे. तेलतुपाचा हिशेब म्हणून एकानें टाकलेल्या चिटोऱ्यावरूनच दुसरा संशोधक त्या काळचे भाव ठरवितो. म्हणून निवड करणाऱ्यानें काय घेतलें, काय सोडलें व कां सोडलें, हें संग्रहासोबतच लिहून ठेवणें अवश्य आहे.

जीं ग्रंथालयें स्वतः असे संदेश लिहितात, त्यांनीं पोथीच्या प्रतिमेबरोबर तिचा संग्रहांक व पत्रांक द्यावा. अन्यथा प्रतिमा हातोहातीं फिरते आणि मूळ पोथीचा पत्ता लागत नाहीं. प्रत्येक संदेशाची प्रत, चित्रासह व तारखेसह, आपल्या दप्तरींहि ठेवावी. तें माध्यम परक्याच्या मालकीचें आहे. तेथें लिहिलेलें तेथेंच राहील, असा भरंवसा कोणत्याहि दप्तरदारानें धरूं नये.